लस, मोसम आणि प्रवास : पेडणे व डिचोली तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मराठीत लस टोचून घेण्याला दीर्घकाळ ‘देवी काढणे’ असाच शब्दप्रयोग रूढ होता. रोगाचे नाव देवी आणि त्यावरील उपायाचे नावही देवीच. १९७५ पूर्वी जन्मलेल्या बहुतेकांच्या दंडावर या लसीचा व्रण आजही दिसतो. लसीकरण हा विषय सामान्यतः आरोग्यशास्त्राचा मानला जातो व इतिहासाच्या अध्यापनात त्याला फारसे स्थान मिळत नाही. वास्तविक लसीचा इतिहास हा प्रवासाचा, सरहद्दींचा, यात्रांचा आणि सरकारी कागदपत्रांचाही इतिहास आहे.

प्रस्तुत निबंधात गोव्याच्या उत्तर सरहद्दीवरील पेडणे व डिचोली हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून लसीकरणाच्या दोन प्रवाहांचा आढावा घेतला आहे. परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला, विशेषतः हजयात्रेकरूला, घ्यावी लागणारी लस हा पहिला प्रवाह होय. घरी राहणाऱ्या माणसाला विशिष्ट मोसमात होणाऱ्या रोगांविरुद्धची लस हा दुसरा. पहिल्या प्रवाहात जवळजवळ प्रत्येक जण लस घेतो; दुसऱ्यात मात्र उदासीनता दिसते. हे का घडते, याचा शोध घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

सरहद्दीवरील दोन तालुके

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या ‘नव्या काबिजादी’चे भाग आहेत. तिसवाडी, बार्देश व साष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेल्या. डिचोली व पेडणे मात्र सावंतवाडीच्या भोसल्यांकडून १७८० च्या दशकात त्यांच्या ताब्यात कायमचे आले. त्यामुळे या तालुक्यांची भाषा, नातेसंबंध व बाजारपेठा सावंतवाडी-बांदा-दोडामार्ग या पट्ट्याशी जोडलेल्या राहिल्या. डिचोलीतील नमाजगाह ही वास्तू परंपरेने औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहजादा अकबर याच्याशी जोडली जाते. छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयास आलेला हा शहजादा १६८३ च्या सुमारास या परिसरात होता.

२०११ च्या जनगणनेनुसार पेडणे तालुक्याची लोकसंख्या ७५,७४७ व डिचोलीची ९७,९५५ होती. पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी व पत्रादेवीचा नाका, तर डिचोलीच्या उत्तरेस दोडामार्गाचा नाका आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला तो याच पत्रादेवीच्या सरहद्दीवर. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर ही सरहद्द दोन राज्यांमधील साधी हद्द बनली. पुढे ११ डिसेंबर २०२२ रोजी पेडणे तालुक्यातील मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. एकेकाळी आडबाजूचा समजला जाणारा हा तालुका आता आंतरराष्ट्रीय प्रवासाचे प्रवेशद्वार झाला आहे.

बगदाद व बसरामार्गे आलेली लस

देवी व गोवर यांतील फरक स्पष्ट करणारा पहिला प्रसिद्ध ग्रंथ अबू बक्र अल्-राझी यांनी अरबीत लिहिला. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला ती पुन्हा येत नाही, हे निरीक्षण अनेक समाजांना परिचित होते. त्यातूनच रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या त्वचेत टोचण्याची पद्धत निर्माण झाली. बंगालमध्ये टीकेदार हे काम करीत. उस्मानी तुर्कस्तानातही ही पद्धत प्रचलित होती. ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिने कॉन्स्टँटिनोपल येथे ती पाहिली, आपल्या मुलाला टोचून घेतले आणि १७२१ मध्ये लंडनला मुलीवरही हा प्रयोग करविला. या पद्धतीत खऱ्या देवीचाच संसर्ग दिला जात असल्याने धोका राहत असे.

१७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर याने गाईच्या देवीचे द्रव्य वापरून अधिक सुरक्षित मार्ग दाखविला. ही लस भारतात पोचविणे मात्र अवघड होते. समुद्रमार्गाच्या लांबलचक प्रवासात ती निकामी होत असे. अखेरीस ती वियेना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद व बसरा या मार्गाने मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस यशस्वी ठरली व तिच्या दंडावरील फोडातून ती पुढे इतर मुलांना देण्यात आली. पश्चिम भारतात पोचलेली पहिली लस उस्मानी साम्राज्याच्या शहरांतून आली, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

गोव्यात आधुनिक वैद्यकाचे शिक्षण १८४२ मध्ये पणजीला स्थापन झालेल्या ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’ या विद्यालयातून सुरू झाले. येथून शिकलेले अनेक डॉक्टर पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतील वसाहतींमध्ये सेवेस गेले. मुक्तीनंतर हीच परंपरा गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रूपाने पुढे चालू राहिली. सरहद्दीच्या पलीकडे, विसाव्या शतकाच्या आरंभी, बेळगाव येथे मुंबई इलाख्यासाठी देवीची लस तयार करणारी संस्था उभी राहिली.

पटकी, प्लेग आणि हजयात्रा

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि हजयात्रेकरूंची संख्या वाढली. १८६५ च्या हजमध्ये पटकीची साथ आली व सुमारे १५ हजार यात्रेकरू मृत्युमुखी पडल्याचे सांगितले जाते. ही साथ पुढे इजिप्तमार्गे युरोपात पसरली. त्यामुळे १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हजयात्रा हा मुख्य विषय ठरला. १८८२ पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर यात्रेकरूंना विलगीकरणासाठी उतरविले जाऊ लागले. भारतातून जाणाऱ्या यात्रेकरूंना या बेटावर गैरसोय व खर्च सोसावा लागे. युरोपीय सत्तांच्या दृष्टीने हा यात्रेकरू प्रथम रोगाचा वाहक होता, त्यानंतर भाविक. लसीकडे संशयाने पाहण्याच्या वृत्तीची एक मुळी या अनुभवात आहे, हे नाकारता येत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला. मांडवी भागात त्याचे निदान करणारे डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस हे मूळचे गोव्यातील बार्देशमधल्या हडफडे गावचे. १८९७ मध्ये सरकारने मुंबईहून हजयात्रेला जाण्यास बंदी घातली. त्याच वर्षी, १० जानेवारी १८९७ रोजी, वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील आपल्या प्रयोगशाळेत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. सक्तीची घरझडती व विलगीकरण यांमुळे त्या वेळी लोकांत तीव्र असंतोष होता. अशा काळात तिसरे आगाखान सर सुलतान मुहम्मद शाह यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या कामासाठी आपली वास्तू दिली. खोजा समाजातील हजारो लोकांनी नंतर लस घेतली. १८९९ मध्ये परळ येथे स्थलांतरित झालेली ही प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

या प्रसंगातून एक बाब स्पष्ट होते. सरकारी सक्तीमुळे लोक घरे सोडून पळत होते, त्याच शहरात विश्वासातील माणसाने दंड पुढे केल्यावर लोक रांगेत उभे राहिले. लस एकच होती. सांगणारा बदलला होता. तथापि १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस घेतल्यानंतर १९ जण धनुर्वाताने मरण पावले आणि या कामाला मोठा धक्का बसला. लोकांचा विश्वास बसण्यास वर्षे लागतात व तो एका दुर्घटनेने ढळू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

पिवळे कार्ड

१९२६ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य करारात यात्रेकरूंसाठी स्वतंत्र विभाग होता. भारतात १९३२ च्या कायद्याने बंदरांवरील हज समित्या स्थापन झाल्या. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम तयार केले व लसीच्या दाखल्याला जगभर एकच नमुना मिळाला. पिवळ्या रंगामुळे तो ‘पिवळे कार्ड’ म्हणून प्रसिद्ध झाला. देवीच्या लसीचा दाखला ३ वर्षे, तर कॉलऱ्याचा केवळ ६ महिने ग्राह्य धरला जाई. त्यामुळे कॉलऱ्याची टोचणी प्रवाशाच्या दृष्टीने हंगामी बाब बनली.

पुढे ही यादी हळूहळू लहान झाली. कॉलऱ्याच्या लसीमुळे रोगाचा देशोदेशींचा प्रसार थांबत नाही, हे लक्षात आल्यावर १९७३ मध्ये ती अट आंतरराष्ट्रीय नियमांतून वगळण्यात आली. भारतातील देवीचे शेवटचे रुग्ण मे १९७५ मध्ये आढळले आणि ८ मे १९८० रोजी जगातून देवीचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. पीतज्वराची अट मात्र टिकून आहे. आफ्रिकेतील अनेक देशांत जाणाऱ्यास वा तेथून परतणाऱ्यास हा दाखला लागतो. मोझांबिक, अंगोला व पूर्व आफ्रिकेशी गोव्याचे जुने संबंध असल्याने हा विषय गोव्यातील अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. जुलै २०१६ पासून या लसीचा दाखला आयुष्यभर ग्राह्य धरला जातो.

मेनिंजायटिसचा धडा

भारतातून जहाजाने होणारी हजयात्रा १९९५ मध्ये बंद झाली. त्याआधीच विमानप्रवासाने यात्रेचे स्वरूप बदलले होते. कामरान बेटावरील दिवस संपले आणि रोगाला खंड ओलांडण्यास काही तास पुरू लागले. १९८७ च्या हजमध्ये मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाची, साथ आली. त्यानंतर सौदी अरेबियाने ‘अ’ व ‘क’ या दोन प्रकारांविरुद्धची लस अनिवार्य केली. २००० व २००१ मध्ये पुन्हा साथ उद्भवली. या वेळी जंतूचा प्रकार वेगळा, ‘डब्ल्यू १३५’, होता व जुनी लस त्यावर चालत नव्हती. यात्रेकरू घरी परतल्यावर त्यांच्या घरातील माणसांनाही लागण झाल्याची उदाहरणे अनेक देशांत आढळली. २००२ पासून चार प्रकारांविरुद्धची लस अनिवार्य झाली. ती सौदी अरेबियात पोचण्यापूर्वी किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

काही मुस्लिम देशांत लसीच्या निर्मितीत वापरल्या जाणाऱ्या घटकांविषयी शंका उपस्थित झाल्या. इंडोनेशियातील उलेमा परिषदेने २०१० मध्ये वेगवेगळ्या उत्पादकांच्या लसी तपासल्या, काही ग्राह्य व एक अग्राह्य ठरविली आणि प्रश्न मार्गी लावला. शंका दडपून न टाकता तिची चौकशी केल्याने लसीकरण थांबले नाही, हे येथे लक्षणीय आहे.

गोव्यासह सर्व राज्यांत हज समितीच्या प्रशिक्षणाबरोबरच लसीकरण होते. मेनिंजायटिसची लस, पोलिओचे थेंब आणि वृद्ध व जोखमीच्या यात्रेकरूंना फ्लूची लस असा साधारण क्रम असतो. भारत २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त घोषित झाला असला तरी प्रवासातून रोग परत येऊ नये म्हणून थेंबांचा आग्रह राहिला. कोविडमुळे २०२० व २०२१ मध्ये परदेशी यात्रेकरूंना प्रवेश मिळाला नाही. २०२२ मध्ये ६५ वर्षांखालील व लसीकरण पूर्ण झालेल्यांनाच परवानगी मिळाली.

घरच्या मोसमाची लस : माकडताप

परदेशी जाण्यासाठीची लस अशी काटेकोरपणे घेतली जात असताना घराजवळच्या रानातील रोगाचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरते. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर रानात माकडे मरू लागली व माणसांना तीव्र ताप येऊ लागला. गोचिडीमार्फत पसरणारा हा विषाणुजन्य रोग माकडताप म्हणून ओळखला जातो. त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे या काळात असतो आणि सुमारे ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात.

२०१५ मध्ये डिचोलीला लागून असलेल्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात हा रोग आढळला. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील केर येथे व २०१७ मध्ये पेडण्याच्या सरहद्दीलगत बांदा परिसरात त्याची लागण झाली. या भागात काजूचा हंगामही नेमका याच महिन्यांत असतो. बोंडू गोळा करण्यासाठी पालापाचोळ्यात वावरणाऱ्या मजुरांना गोचीड चावण्याचा धोका सर्वाधिक राहिला. रोगाचा मोसम व रोजगाराचा मोसम एकच असल्याने ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला या मजुरांना पाळता येण्यासारखा नव्हता.

या रोगावर लस उपलब्ध होती. एका महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, त्यानंतर ६ ते ९ महिन्यांनी वर्धक मात्रा व पुढे काही वर्षे दरवर्षी एक, असा तिचा क्रम होता. कर्नाटकातील एका अभ्यासात दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के व वर्धक मात्रेनंतर सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. प्रत्यक्षात टोचल्यावर दुखणे, वारंवार मात्रा घेण्याचा त्रास व रोजगार बुडण्याची भीती यांमुळे अनेक जण मात्रा अर्धवट सोडत. पुढे लसीची परिणामकारकताच समाधानकारक नसल्याचे आढळून आले व २०२२ मध्ये तिचा वापर थांबविण्यात आला. नव्या लसीवर संशोधन हाती घेण्यात आले आहे. तोवर अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल, अंगभर कपडे, घरी परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि मेलेल्या माकडाची तत्काळ खबर, एवढ्यावरच भिस्त आहे.

फ्लू आणि दोन पंचांगे

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. म्हणून त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी लसीची रचना सुचविते. भारत उत्तर गोलार्धात असला तरी देशाच्या बऱ्याच भागांत, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावर, फ्लूचा जोर पावसाळ्यात, जून ते सप्टेंबरमध्ये दिसतो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत देशातील पहिला मृत्यू पुण्यात ऑगस्ट महिन्यात, ऐन पावसाळ्यात झाला होता. म्हणून गोव्यातील रहिवाशाने एप्रिल-मेमध्ये, त्या वेळी उपलब्ध असलेली अद्ययावत लस घेणे श्रेयस्कर ठरते. टोचल्यानंतर संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात.

लंडनला मुलाकडे डिसेंबरात जाणाऱ्या पेडण्यातील आईवडिलांची स्थिती वेगळी असते. तेथे फ्लूचा मोसम हिवाळ्याचा. मे महिन्यातील लसीचा प्रभाव तोवर ओसरू लागलेला असतो व रचनाही बदललेली असू शकते. त्यांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेऊन नव्या मोसमाची लस घ्यावी की कसे, हे ठरविणे योग्य.

हजयात्रेला तिसरे पंचांग लागू होते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने हज दरवर्षी १० ते ११ दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२४ व २०२५ मध्ये तो जूनमध्ये, गोव्यात पाऊस सुरू होत असताना आला. त्या वर्षांत मेमध्ये घेतलेली लस घर व यात्रा या दोहोंसाठी उपयोगी पडत होती. २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धात हज हिवाळ्यात येईल. तेव्हा यात्रेसाठी घेतलेली लस पुढील पावसाळ्यापर्यंत पुरेलच असे नाही. म्हणजे यात्रेचा दाखला मिळाला तरी घरच्या मोसमाचा विचार वेगळा करावा लागेल.

घराच्या उंबऱ्यावर आलेला दाखला

कोविडच्या काळात हे दोन्ही प्रवाह पत्रादेवी व दोडामार्गाच्या नाक्यांवर एकत्र आले. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशानुसार गोव्यात प्रवेशासाठी कोविड नसल्याचा दाखला आवश्यक झाला. पेडणे व डिचोलीत कामाला येणारे, बांबोळीच्या रुग्णालयात उपचारासाठी जाणारे सिंधुदुर्गातील रहिवासी, सरहद्दीपलीकडे माहेर-सासर असलेल्या स्त्रिया या सर्वांना रोजच्या वाटेवर कागद दाखवावा लागला. परदेशी जाणाऱ्यापुरता मर्यादित असलेला अनुभव घरच्या माणसाला आला. सप्टेंबर २०२१ पर्यंत गोव्यातील पात्र प्रौढांना लसीची पहिली मात्रा देण्याचे काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. गावोगाव पंचायतींमध्ये भरविलेली शिबिरे व परिचित आरोग्य कर्मचारी यांचा या यशात मोठा वाटा होता.

निष्कर्ष

वरील आढाव्यावरून पुढील बाबी दिसून येतात. एक, जेथे दाखला मागितला जातो तेथे लस घेतली जाते. जेथे तो मागितला जात नाही तेथे रोगाचा धोका मोठा असूनही दुर्लक्ष होते. दोन, दाखल्याच्या सक्तीने लस मिळते, पण लसीविषयीची समज मिळतेच असे नाही. मेनिंजायटिसची लस घेणाऱ्या यात्रेकरूला ती आपल्या घरच्या नातवंडांचेही रक्षण करते हे माहीत असेल, तर तोच माणूस पावसाळ्यापूर्वी फ्लूच्या लसीचा विचार करील. तीन, विश्वासातील व्यक्तीचा शब्द आदेशापेक्षा अधिक परिणामकारक ठरतो. चार, कॉलरा व माकडताप या दोन्हींच्या बाबतीत लस अपुरी ठरल्यावर कॉलऱ्याच्या लसीची अट वगळण्यात आली व माकडतापाच्या लसीचा वापर थांबविण्यात आला. ही गोष्ट विद्यार्थ्यांपासून लपविण्याचे कारण नाही. तपासणी होते म्हणूनच उरलेल्या लसींवर विश्वास ठेवता येतो.

हजयात्रेपूर्वीचे प्रशिक्षण शिबिर ही एक तयार संधी आहे. तेथे यात्रेकरूसोबत घरातील मंडळीही येतात. त्याच बैठकीत घरच्या वृद्धांची फ्लूची लस, मुलांचे राहिलेले डोस व काजूच्या हंगामातील दक्षता यांची माहिती देता येईल. त्यासाठी निराळा निधी वा इमारत लागत नाही. महाविद्यालयीन शिक्षकांना याही पुढे जाता येईल. आपल्या विद्यार्थ्यांना घरातील आजी-आजोबांकडून देवीची लस, पटकीची टोचणी, सरहद्दीवरील तपासणी व हजची तयारी यांच्या आठवणी लिहून आणण्यास सांगावे. देवीची साथ डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता फार थोडी उरली आहे आणि पेडणे-डिचोलीतील या आठवणी अद्याप बहुतांशी कागदावर आलेल्या नाहीत.